प्रवासात बाधते ते आईचे दूध नव्हे

तान्ह्या बाळाला घेऊन प्रवासाला निघालेल्या आईच्या फोनवर एक संदेश हमखास येऊन पडतो. त्याचा आशय असा, की प्रवासाच्या दगदगीने अंगावरचे दूध आटते आणि उन्हाने ते बाधते. म्हणून निघतानाच पावडरचे दूध कालवून थर्मासमध्ये गरम भरून घ्यावे, वाटेत बाळाला अधूनमधून पाणी पाजावे आणि विमान उतरताना मात्र काहीच पाजू नये. हा सल्ला मायेपोटीच पुढे पाठवला जातो, याबद्दल मला शंका नाही. तरीही तो चुकीचा आहे आणि त्यातील थर्मासचा भाग तर बाळाच्या जिवाशी खेळणारा आहे.

दूध किती तयार होणार, हे मुख्यतः बाळ किती वेळा आणि किती ओढते यावर ठरते. थकवा, गर्दी किंवा संकोच यांमुळे पान्हा फुटायला वेळ लागतो हे खरे, कारण ताणामुळे ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचे काम काही काळ मंदावते. पण पान्हा उशिरा येणे म्हणजे दूध संपणे नव्हे. आईला पाठ टेकायला जागा मिळाली, बाळ उराशी नीट धरता आले आणि कोणी घाई केली नाही, की बहुधा तो येतोच. नेमक्या त्या क्षणी घाबरून बाटली दिली, तर बाळ अंगावर कमी ओढते आणि असे वारंवार झाले की दूध खरोखरच कमी होऊ लागते. बाळाचे पोट भरते आहे की नाही, हे लंगोटांवरून ओळखावे: जन्मानंतरचा पहिला आठवडा सरला की दिवसभरात 6 किंवा अधिक लंगोट चांगले ओले व्हायला हवेत.

उन्हाने दूध बाधते, हे म्हणणे तर टिकतच नाही, कारण अंगावरचे दूध कुठे साठून न राहता थेट बाळाच्या तोंडात जाते.

आता थर्मास. पावडरचे दूध निर्जंतुक नसते; डबा नवा आणि सीलबंद असला तरी त्यात क्रोनोबॅक्टर किंवा साल्मोनेला हे जंतू असू शकतात. कालवलेले दूध तासन्तास कोमट राहिले, तर त्या जंतूंना वाढायला याहून सोयीची जागा दुसरी नाही, आणि दुधाच्या वासावरून किंवा चवीवरून ते कळतही नाही. म्हणून थर्मासमध्ये दूध न भरता नुकतेच उकळलेले पाणी काठोकाठ भरावे आणि पावडर एकेका वेळेपुरती मोजून कोरड्या, स्वच्छ डबीत वेगळी ठेवावी. बाळाला भूक लागली की हात धुऊन, किमान 70 अंश सेल्सियसच्या पाण्यात पावडर कालवावी, बूच लावलेली बाटली गार पाण्यात धरून निववावी, मनगटाच्या आतल्या बाजूला एक थेंब टाकून पाहावा आणि तो कोमट लागला तरच बाटली बाळाच्या तोंडाला लावावी. उरलेले दूध टाकून द्यावे. ते पुढच्या वेळेसाठी राखून ठेवण्याचा मोह अनेकांना होतो, म्हणून हे मुद्दाम सांगतो. अंगावरचे दूध काढून न्यायचे असेल, तर गोठवलेल्या बर्फाच्या पिशव्यांसह शीतपेटीत ते 24 तास टिकते.

अंगावर पिणाऱ्या बाळाला पहिले 6 महिने वरचे पाणी लागत नाही, कारण त्या दुधात सुमारे 87 टक्के पाणीच असते. उन्हात त्याला जास्त वेळा पाजावे आणि पाणी आईने प्यावे. तहान भागावी म्हणून पावडरचे दूध पातळ करणे तर कटाक्षाने टाळावे, कारण त्यामुळे रक्तातील सोडियम घटून बाळाला झटके येऊ शकतात.

विमानाबद्दलचा सल्ला तर अगदी उलटा आहे. गिळताना कान आणि घसा यांना जोडणारी नळी उघडते आणि कानातील दाब सैल होतो, म्हणून विमान उतरू लागताच जागे असलेल्या बाळाला पाजावे. मोटारीत मात्र बाळाला त्याच्या आसनातून काढून चालत्या गाडीत पाजू नये. गाडी बाजूला थांबवावी, बाळाचे पोट भरू द्यावे, ढेकर काढावी आणि मगच पुढे निघावे.