बटणावर चकली

"नुसतं बटणावर एक चित्र टाकायचंय," असं मला आजवर ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यांच्यापैकी एकानेही आयुष्यात कधी बटणावर चित्र टाकलेलं नाही. टाकलेला माणूस 'नुसतं' म्हणतच नाही. तो आधी खुर्चीत बसतो, मग पाणी मागतो.

डोंबिवलीच्या एक काकू फराळ करून विकतात. चकली, करंजी, चिवडा, अनारसे, शंकरपाळे. दिवाळीच्या कितीतरी आधीपासून त्यांचे डबे दुबईला नि अमेरिकेला निघतात, आणि ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपच्या इतक्या ग्रुपांवर येतात की कोणी किती किलो मागितलं याचा पत्ता लागत नाही. म्हणून त्यांना अ‍ॅप हवं होतं. मी ते केलं, चाललंही. मग फोन आला.

"अरे, सगळं छान आहे, पण नुसती नावं वाचून कोणाच्या तोंडाला पाणी सुटणार? बटणावर चकलीचं चित्र टाक. एवढंच."

आता ही चित्रं डिझाइनमध्ये एकदा चिकटवून मोकळं होण्यातली नव्हती. भाजणी संपली की चकली यादीतून गायब होते, ओल्या नारळाच्या करंज्या फक्त गणपतीत मिळतात, आणि ही यादी काकू रोज सकाळी चहा घेता घेता बदलतात. म्हणजे अ‍ॅप उघडल्यावर बटणं कोडनेच तयार करायची आणि चित्रंही कोडनेच लावायची.

अँड्रॉइडच्या साध्या बटणात याची सोय पहिल्यापासून आहे. 'सेटकंपाउंडड्रॉएबल्स' नावाचं फंक्शन, आणि त्यात चार जागा: डावी, वरची, उजवी, खालची. पानात मीठ-लिंबू-चटणी डावीकडे आणि भाज्या उजवीकडे वाढतात, तसं चित्र कुठल्या बाजूला वाढायचं ते सांगायचं आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना 'नल', म्हणजे 'काही नाही', द्यायचं. मी डावीकडे चकली वाढली, अ‍ॅप चालवलं, तर पान कोरं. एरर नाही, लाल अक्षरं नाहीत, अ‍ॅप बंदही पडलं नाही. हे फंक्शन असं गृहीत धरतं की चित्र आपलं माप आधीच ठरवून आलंय. माप न ठरवलेलं चित्र ते शून्य बाय शून्यचं समजतं आणि तेवढंच, अगदी प्रामाणिकपणे, काढतं. चित्राला त्याचं माप विचारून घेणारं फंक्शन वेगळं आहे. त्याचं नाव 'सेटकंपाउंडड्रॉएबल्सविथइंट्रिन्सिकबाउंड्स'. हे नीट उच्चारेपर्यंत एक घाणा तळून होतो.

त्याने मात्र चित्र काढलं. अख्ख्या स्क्रीनवर चकलीचा एक काटा आणि त्यावर चमकणारं तेल, बाकी काही नाही. नुसत्या 'ड्रॉएबल' नावाच्या, चित्रं ठेवायच्या फोल्डरात टाकलेलं चित्र १६० डीपीआयच्या (म्हणजे इंचाला १६० ठिपक्यांच्या) पडद्यासाठी आहे असं अँड्रॉइड मानतं. माझा फोन ४८० चा, म्हणून त्याने १२०० पिक्सेलचा फोटो तिप्पट करून ३६०० चा केला. पडद्याची रुंदी १०८०. यावर रीतसर उपाय म्हणजे एकेका चित्राच्या पाच प्रती करणं: २४ डीपीच्या (डीपी म्हणजे पडद्याच्या दाटपणाप्रमाणे जुळवून घेणारं माप) आयकॉनसाठी २४, ३६, ४८, ७२ आणि ९६ पिक्सेलच्या. त्यात फाइलच्या नावात फक्त छोटी इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर चालतात, आणि नावाची सुरुवात आकड्याने केलेली चालत नाही. काकूंनी पाठवलेल्या फाइलचं नाव होतं '1 चकली भाजणीची फायनल-नवीन'. त्यात पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत नियमात बसणारं असं काही नव्हतं.

हे सगळं निस्तरल्यावर कोणीतरी सुचवलं, जुनं बटण कशाला वापरतोस, नवं मटेरियल बटण घे. त्यात 'आयकॉन' म्हणून थेट सोय आहे, 'आयकॉनसाइझ' दिलं की मापाची कटकटही नाही. घेतलं. चित्रं जागच्या जागी आणि एका मापात आली. ते अ‍ॅप काकूंना पाठवलं, काकूंनी ते लगेच भिशीच्या मैत्रिणींना पाठवलं, आणि पुन्हा फोन.

"अरे, सगळीकडे बर्फी का दिसतेय?"

"बर्फी?"

"चकलीवर बर्फी, करंजीवर बर्फी, चिवड्यावरपण बर्फी. आपण बर्फी करतच नाही रे! इकडे दोघींनी भाव विचारलाय."

पाहिलं तर खरंच. जांभळ्या बटणांवर ओळीने पांढरेशुभ्र चौकोन, कडा अगदी सुरीने कापल्यासारख्या. या बटणाला चित्रातल्या रंगांशी काही देणंघेणं नसतं. चित्र कुठे भरीव आहे आणि कुठे पारदर्शक, एवढंच ते बघतं, आणि भरीव भागावर सरसकट अक्षरांचा रंग फासतं. एकरंगी आयकॉनसाठी ही फार सुंदर योजना आहे. पण फोटो कुठेच पारदर्शक नसतो, त्यामुळे चकलीसकट, ताटलीसकट, मागच्या ओट्यासकट सगळं पांढरं. उपाय एका ओळीचा: 'आयकॉनटिंट' नल करा. ती ओळ सापडेपर्यंत भिशीतल्या एका बाईंनी दोन किलोचे पैसे पाठवूनही दिले होते.

काकूंचा भाचा न्यू जर्सीत असतो, त्याच्याकडे आयफोन. त्याच्यासाठीही अ‍ॅप केलं होतं आणि तिथल्या 'सिस्टीम' प्रकारच्या बटणाची खोड तीच, फक्त रंग निळा. त्याने मध्यरात्री विचारलं, "मावशी, ही निळी बर्फी कशाची?" तिथे 'ऑलवेजओरिजिनल' असं सांगावं लागतं, म्हणजे बाबा, आहे तसंच दाखव. चित्र अक्षरांच्या उजवीकडे हवं असेल, तर आयओएस १५ यायच्या आधी, म्हणजे २०२१ पर्यंत, लोक बटणाची अशी समजूत घालत की तू उजवीकडून डावीकडे लिहिणाऱ्या भाषेत आहेस. बिचारं बटण उर्दूत असल्याच्या भरात उलटं बसायचं, आणि त्यावर लिहिलेलं असायचं 'शंकरपाळे'. आता 'इमेजप्लेसमेंट' नावाची सरळ सोय आहे. मला ती जुनी थाप जास्त आवडायची.

मग अनारसे संपले. प्रत्येक बटणावर खरेदीच्या पिशवीचं एकच छोटं चित्रही होतं. संपलेल्या पदार्थाच्या बटणावरची पिशवी मी कोडने फिकट केली, तर सगळ्याच पदार्थांच्या पिशव्या फिकट झाल्या. एकच चित्र पुन्हा पुन्हा वापरलं की अँड्रॉइड मेमरी वाचवायला त्या सगळ्यांची आतली अवस्था सामाईक ठेवतं; एकाला फिकट केलं की सगळी फिकट. बदल करण्याआधी 'म्यूटेट' म्हटलं की ते चित्र वेगळी चूल मांडतं. पण तोपर्यंत भर हंगामात काकूंचा अख्खा फराळ संपल्याचं सगळीकडे पसरलं होतं आणि काकू फोनवर एकेकीला "अगं, आहे, सगळं आहे," असं सांगत होत्या.

आता चकलीच्या जागी चकली दिसते, करंजीच्या जागी करंजी. काकू खूश आहेत. परवा म्हणाल्या, "अरे, बटण दाबलं ना, की चकली मोडल्याचा आवाज आला पाहिजे. खुसखुशीत. एवढंच." रेकॉर्डिंगसाठी त्यांनी भाजणीच्या चकल्यांचा डबाही पाठवला. पहिल्या डब्यात पंख्याचा आवाज फार आला. दुसरा मागवलाय.