कूळ लागेल हो!

मुंबईला राहता, रत्नागिरीत ब्लॉक घेऊन ठेवलाय आणि तो गणपती, शिमगा सोडला तर वर्षभर कुलपात असतो? मग भाड्याने द्या की. गेली चार वर्षं मी अशाच एका ब्लॉकात भाड्याने काढली. गेल्या महिन्यात बाहेर पडले (सामानासकट, अनामतीसकट नाही, तो विषय खाली येतोच आहे). त्यामुळे चांगला घरमालक कसं व्हावं याचं शिक्षण मला पुरेसं मिळालं आहे. ते तुम्हाला फुकट देते.

पहिली गोष्ट, करार नोंदवू नका. स्टॅम्पपेपर आणा, नोटरीचा शिक्का मारा, झालं. भाडेकरूने रजिस्ट्रेशनचं नाव काढलंच तर आवाज खाली आणून म्हणा, "नको हो ताई, कूळ लागेल." कोकणात या दोन शब्दांपुढे कोणाची मात्रा चालत नाही. कूळकायदा 1948 चा, शेतजमिनीचा, कसणाऱ्या कुळाला मालक करणारा. तुमचा ब्लॉक दुसऱ्या मजल्यावर, आत नांगर जाणार नाही, पण घाबरायला काय जातंय? आजोबांची जमीन गेली ती आठवण तीन पिढ्या पुरते. एजंट वर सांगेलच की अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही. वर्षाच्या आतला करार नोंदवायला नको, ही सूट 1908 च्या नोंदणी कायद्यातली. महाराष्ट्रात 1999 चा भाडे नियंत्रण कायदा आहे, त्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो नाहीतर दोन. पण एजंटला दुपारची झोप असते, एवढं कुठे वाचणार तो.

भाड्याची पावती देऊ नका. मागितली तर दुखावल्यासारखं करा.

घर बघायला कधीही या. कायद्यात आधी कळवून, योग्य वेळी यायला सांगितलंय, पण पाहुण्यांना घेऊन रविवारी सकाळी सात वाजता बेल वाजवण्यात जी आपुलकी आहे ती नोटिशीत कुठून येणार?

अंगणातल्या हापूसचे आंबे तुमचे. पालापाचोळा भाडेकरूचा.

एखाद्या गोष्टीवरून वाद झालाच तर विहिरीवरचा पंप बिघडवा. आमच्याकडे तो चार दिवस बिघडला होता आणि वादावर मी गप्प बसल्याच्या संध्याकाळी आपोआप सुरू झाला. पाणी, वीज असल्या गरजेच्या गोष्टी तोडणं हा त्याच भाडे कायद्याच्या कलम 29 खाली गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण पंपाला कोण कोर्टात उभं करणार?

आता अनामत. इथे मात्र नीट लक्ष द्या, खरं कौशल्य इथे लागतं.

आम्ही तीस हजार दिले होते. सोडताना हातात बारा आले. अठरा हजार कशाचे, विचारलं तर म्हणे रंगकामाचे. "भिंतींना ओल आलीय बघा, बुरशी धरलीय. तुम्ही कपडे घरात वाळत घालता ना?" अहो, जुलैत रत्नागिरीत कपडे घरात नाही वाळत घालायचे तर काय समुद्रावर नेऊन घालायचे? वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो इथे! गच्चीला तडा गेलाय हे मी पहिल्याच पावसाळ्यात फोनवर सांगितलं. "बघू" म्हणाले. दुसऱ्या पावसाळ्यात फोटो पाठवले, निळ्या खुणा आल्या, म्हणजे बघितले. तिसऱ्या पावसाळ्यात बेडरूममध्ये तीन भांडी ठेवून झोपत होतो, आणि कोणत्या भांड्यात किती पडलं हे मुलगी सकाळी मोजायची. चौथ्याला आम्हीच ताडपत्री आणली, आमच्या पैशाने, आणि तिला चार खिळे मारले म्हणून त्या खिळ्यांचे पाचशे वर वेगळे मागून घेतले! घर राहण्याजोगं ठेवणं, दुरुस्ती करणं हे मालकाचं काम, कलम 14. पंधरा दिवसांची नोटीस देऊनही तो हलला नाही तर भाडेकरूने दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा, वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्शापर्यंत. हे मला तेव्हा माहीत असतं तर! 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातसुद्धा, इंग्रजांच्या काळात, लिहून ठेवलंय की घर परत देताना वापराने होणारी झीज आणि माणसाला न आवरणारी शक्ती यांचा दोष भाडेकरूवर येत नाही. इंग्रजाला कळलं, डोंबिवलीच्या आमच्या घरमालकाला कळत नाही.

रंग अजून दिलेला नाही, बरं का. नवीन भाडेकरू त्याच बुरशीत राहायला आलेत आणि त्यांच्याकडून चाळीस हजार घेतलेत.

काय सल्ले देत बसले मी. काका, तुम्हालाच सांगते. ज्या भीतीने तुम्ही करार नोंदवला नाहीत ती भीतीच उलटी आहे. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता राहू देण्याचा करार, नोंदवला असतात आणि आम्ही मुदतीनंतर अडून बसलो असतो, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे (यासाठीच नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे) जाऊन घर परत घेता आलं असतं, वर जादा राहिलेल्या दिवसांचं दुप्पट भाडं मिळालं असतं. तो कायदा तुमच्या बाजूने आहे हो! शहरात नोंदणी फी हजार रुपये, मुद्रांक शुल्क पाव टक्का. तेवढे वाचवायला गेलात आणि काय केलंत? नोंदवलेला करार नसला की अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, खोटं आहे हे तुम्ही सिद्ध करेपर्यंत. शिवाय करार न नोंदवल्याचा दोष मालकाचा, त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. आम्ही खरेच वाईट असतो तर आज तुमच्या घरात पाय पसरून बसलो असतो. किल्ली हातात दिली, लादी पुसून दिली, शेवटचं लाइट बिल भरून दिलं. त्याचं हे फळ?

म्हाताऱ्या माणसाशी भांडू नये म्हणून आईने मला गप्प बसवलं. आई गावी गेलीय आता. नोटीस वकिलाकडे टाईप होऊन पडलीय, तुम्ही गणपतीला इकडे याल तेव्हा हातात मिळेल. त्याआधी अठरा हजार जमा करा. आणि खिळ्यांचे पाचशे.