शून्य सरसकट उडवू नका
ऑनलाइन फॉर्ममध्ये फोन नंबर कसा घ्यावा, यावरच्या लेखात म्हटलंय की देशाचा कोड निवडला की नंबरातला पहिला शून्य फॉर्मने आपोआप काढून टाकावा. हा सल्ला धोक्याचा आहे. ब्रिटन, जर्मनीसाठी तो ठीक. पण इटलीत लँडलाइनचा शून्य कोडनंतरही तसाच राहतो. रोमचा नंबर +३९ ०६ असाच सुरू होतो. तो शून्य गेला की बुकिंगची खात्री करायला हॉटेलवाला फोन लावणार कुणाला?

नंबर दहाच आकड्यांचा हवा अशी सक्ती फॉर्मने करू नये, या लेखकाच्या मताशी मात्र शंभर टक्के सहमत. सिंगापूरचे नंबर आठ आकडी असतात. माझ्या ओळखीतल्या एकाचा असाच चालू नंबर एका फॉर्मने 'अवैध' ठरवला, तेही लाल अक्षरांत! देशोदेशीचे फोन नंबर तपासणारी गूगलची लिबफोननंबर ही तयार सॉफ्टवेअर लायब्ररी फुकट असताना हे नियम हाताने लिहिण्याचा अट्टहास कशाला?