ओल्या भिंतीच्या सेवेत

जुन्या दगडी घराच्या भिंतीला ओल आली की तज्ज्ञांना आमंत्रण द्यावे लागत नाही. येणारा प्रत्येक जण भिंतीवर तळहात टेकवतो, डोळे किलकिले करतो आणि निदान सांगतो. पाणी जमिनीतून केशाकर्षणाने चढते, असे एकाचे म्हणणे. ते छपरातून उतरते, असे दुसऱ्याचे. तिसरा कारणाच्या भानगडीत न पडता थेट रसायनाच्या डब्याचे नाव सांगतो. अखेर मी प्लास्टिकचा एक तुकडा चारही कडा बंद करून भिंतीवर चिकटवला. खोलीच्या बाजूने दव आले तर दोष हवेचा, भिंतीच्या बाजूने आले तर भिंतीचा, असा साधा न्याय असतो. माझ्या तुकड्यावर ते दोन्ही बाजूंनी आले.

बाहेर पाहिले, तर पन्हळीचा नळ फुटून पायाशी पाणी ओतत होता आणि वर्षानुवर्षे साचलेली माती आतल्या जमिनीच्याही वर आली होती. नळ बदलला, माती उपसली. इतका साधा उपाय ऐकून सल्लागारांचे चेहरे उतरले.

मग आतला सिमेंटचा गिलावा काढायला घेतला. सिमेंटमुळे भिंतीतले पाणी बाहेर पडू शकत नाही, पोपडे मात्र नियमित पडतात. ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत सगळे खरवडले आणि खाली लोणा दिसला. तो पाण्याने धुवायचा नाही, कारण मीठ विरघळून पुन्हा आत जाते. कोरड्या ब्रशने झाडायचा. हे काम मी इतक्या निष्ठेने केले की घरातली प्रत्येक वस्तू खारट झाली असावी. ओल मोजायचे यंत्रही आणले, पण त्याला ओल आणि मीठ यांतला फरक कळत नाही. ते दोघांनाही पाहून सारखेच किंचाळते.

दगडी भिंत वाळायला इंचामागे साधारण महिना लागतो, असा ठोकताळा आहे. आमची भिंत दोन फुटी. हिशेब केल्यावर घरात जी शांतता पसरली, तिचे वर्णन करवत नाही. त्यानंतर आम्ही खिडक्या उघड्या ठेवून, कपाटे खोलीच्या मध्यभागी उभी करून आणि पाहुण्यांना भिंतीपासून हातभर लांब बसवून नांदलो.

शेवटी भिंत वाळली आणि चुन्याचा गिलावा करायला गवंडी आला. त्याने भिंतीवर तळहात टेकवला, समाधानाने मान हलवली आणि बादलीभर पाणी मागवून भिंतीवर सपासप मारायला सुरुवात केली. मी धावलो. "साहेब, सरका," तो म्हणाला, "कोरडी भिंत चुन्यातलं पाणी पिऊन टाकते, मग गिलावा धरत नाही."