‘सॅम्पल रिपीट’ म्हणजे दुसऱ्यांदा बिल?

पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर लॅबवाले कसे लुटतात हे सांगणारा एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. त्यात आरोप चार: गरजेपेक्षा जास्त रक्त काढतात, पुन्हा बिल लावायला सॅम्पल ‘खराब’ ठरवतात, दोन लॅबच्या प्लेटलेट जुळत नाहीत म्हणजे आकडे मनचे, आणि बायोप्सीचा रिपोर्ट मुद्दाम रखडवतात.

रक्ताचं पटकन उरकू. मशीनला थोडंच रक्त लागतं, हे खरं. पण बल्ब, म्हणजे रक्त घ्यायच्या छोट्या नळ्या, चार लागतात ते आतल्या रसायनांमुळे. जांभळ्या टोपणात ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायन, सीबीसीसाठी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीसाठी. राखाडीत फ्लोराइड, साखरेसाठी. निळ्यात सायट्रेट, पीटी-आयएनआरसाठी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहायला. लाल-पिवळ्यात, म्हणजे प्लेन बल्बात, रक्त गोठू द्यायचं आणि वर राहणारं पाणी, म्हणजे सिरम, किडनी-लिव्हरच्या तपासण्यांना वापरायचं. सगळे मिळून साधारण 10-12 मिली, म्हणजे दोन-अडीच चमचे. रक्तदानाची लहान पिशवीसुद्धा 350 मिलीची असते.

‘खराब सॅम्पल’ हे मात्र थोतांड नाही. बारीक सुईने जोर लावून रक्त ओढलं, किंवा सुई न काढता सिरिंजमधून बल्बमध्ये जोरात सोडलं, की लाल पेशी फुटतात. सेंट्रीफ्यूजमधून, म्हणजे बल्ब गरागरा फिरवून पेशी तळाला बसवणाऱ्या मशीनमधून, बल्ब बाहेर काढला की डोळ्यांनाच दिसतं: सिरम फिकट पिवळं असायला हवं, ते कोकम सरबतासारखं येतं. पेशींच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा वीसपटीहून जास्त असतं. ते सिरममध्ये उतरलं की 4.2 चा पेशंट कागदावर 6.5 चा होतो आणि नसलेल्या आजाराचे उपचार सुरू होऊ शकतात.

याहून वाईट चूक म्हणजे प्लेन बल्ब कमी भरला म्हणून जांभळ्यातलं थोडं त्यात ओतणं. ईडीटीए पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतं, त्यामुळे पोटॅशियम अशक्यप्राय वर जातं आणि कॅल्शियम तळाला. असं उलटं जोडपं दिसलं की अनुभवी टेक्निशियन रिपोर्ट सोडत नाही, वॉर्डला फोन लावतो.

निळ्या बल्बात 0.3 मिली सायट्रेट असेल तर रक्त 2.7 मिली हवं, नऊला एक. रेषेपर्यंत भरला नाही तर सायट्रेट जास्त होतं, रक्त गोठायला उशीर होतो आणि आयएनआर खोटाच वाढलेला येतो. हृदयाची झडप बदललेल्या पेशंटची वॉरफरीन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी, त्या आकड्यावर कमी केली, तर झडपेवर गुठळी होऊ शकते. अर्धा भरलेला निळा बल्ब परत पाठवणारी लॅब आपलं काम नीट करते आहे.

वाहतुकीचाही वाटा आहे. हडपसरच्या कलेक्शन सेंटरवरून निघालेली बॅग तीन-चार ठिकाणी थांबत कर्वे रोडला पोचेपर्यंत दोन तास सहज जातात. सेंट्रीफ्यूज न केलेल्या प्लेन बल्बात पेशी साखर खात राहतात, तासाला साधारण 5 ते 7 टक्के. म्हणून सेंटरवरच सिरम वेगळं करायचं.

मेसेजमधला राग एका बाबतीत रास्त आहे. लॅबच्या किंवा वॉर्डच्या चुकीने झालेल्या रिपीटचे पैसे पेशंटकडून घेणं चूकच. ‘मशीन बिघडलंय’ या उत्तरावर थांबू नका, कारण विचारा: हिमोलाइज्ड (पेशी फुटलेलं), क्लॉटेड (गुठळी झालेलं), कमी, की लेबलची गडबड? यांपैकी एक बहुतेक वेळा असतं.

आता प्लेटलेट. पावसाळ्यात डेंगी सुरू झाला की हाच वाद. एका लॅबमध्ये 42 हजार, संध्याकाळी दुसरीकडे 55 हजार. डेंगीत काही तासांत खरा आकडाही हलतो. शिवाय इतक्या खालच्या पातळीवर एकच बल्ब दोनदा लावला तरी काही हजारांचा फरक पडतो. रक्त भरल्यावर बल्ब हलक्या हाताने 8-10 वेळा उलटा-सुलटा केला नाही, तर आत बारीक गुठळी होते आणि प्लेटलेट तिच्यात अडकतात. लाकडी काडी फिरवली की जेलीसारखा धागा वर येतो. काहींच्या रक्तात तर ईडीटीएमुळेच प्लेटलेटचे पुंजके होतात. तेव्हा सायट्रेट बल्बात पुन्हा घ्यायचं आणि पातळ झाल्याची भरपाई म्हणून येणाऱ्या आकड्याला 1.1 ने गुणायचं. कमी आकड्याला मायक्रोस्कोपखाली स्लाइड पाहणं आवश्यकच. स्लाइड न पाहता 20 हजार छापणाऱ्या लॅबवर जरूर संशय घ्या.

राहिली बायोप्सी. मेसेज म्हणतो, ‘मायक्रोस्कोपखाली पाच मिनिटांत कळतं.’ हो, स्लाइड तयार असेल तर. तुकडा आधी 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तो कुजू न देणाऱ्या द्रावणात, मुरावा लागतो. स्तनाच्या गाठीला किमान 6 तास, कमाल 72, नाहीतर हार्मोन रिसेप्टरच्या चाचण्यांवर भरवसा राहत नाही. मग ग्रॉसिंग (तुकडा डोळ्यांनी तपासून त्यातले भाग निवडणं), रात्रभर अल्कोहोल-झायलिन-मेण, सकाळी मेणाचा ब्लॉक, त्याचे 3-4 मायक्रॉनचे काप, रंगकाम. हाड असेल तर आधी आम्लात मऊ करायला आणखी काही दिवस. फ्रोझन सेक्शन, म्हणजे तुकडा गोठवून लगेच काप घेणं, 20-25 मिनिटांत होतं, पण ते ऑपरेशन चालू असताना सर्जनला दिशा द्यायला. बर्फाने पेशी विस्कटतात, त्यामुळे पक्का रिपोर्ट मेणाच्या ब्लॉकवरूनच.

खरा घोळ वेगळाच असतो: तुकडा सलाइनमध्ये पाठवलेला, किंवा मोठी गाठ चिंचोळ्या बाटलीत कोंबलेली. नातेवाइकांच्या हाती डबी दिली असेल तर रुंद तोंडाची आहे ना, तुकड्याच्या दहापट फॉर्मॅलिन आहे ना, हे निघण्यापूर्वीच पाहून घ्या. आणि नाव डबीवर लिहिलेलं हवं, झाकणावर नको. ग्रॉसिंगच्या टेबलावर सगळी झाकणं सारखीच दिसतात.