पिंपळाचे शंभर टक्के आणि आत्याचा पंप

पिंपळ १०० टक्के कार्बन डायऑक्साइड शोषतो, वड ८० टक्के आणि कडुनिंब ७५ टक्के. सरकारने ६८ वर्षांपासून ही झाडे लावणे बंद करून निलगिरी लावली. पिंपळ रात्रीही प्राणवायू सोडतो. आणि रस्त्यांच्या कडेने दर ५०० मीटरवर एक पिंपळ लावला तर पाच-दहा वर्षांत भारत प्रदूषणमुक्त होईल, असा एक संदेश कित्येक वर्षे व्हॉट्सॲपवर फिरत आहे. वर्षे उलटली, तरी त्यातली ६८ वर्षे ६८च राहिली आहेत. एरवी मी तो वाचून सोडून दिला असता. परंतु गेल्या महिन्यात पुण्यात आत्याकडे गेलो, तेव्हा रंगाच्या रिकाम्या बादलीत लावलेले पिंपळाचे हातभर रोप तिच्या उशाशी, खिडकीच्या कट्ट्यावर दिसले. आत्याला जुना दमा आहे. "पंप कुठे आहे तुझा?" असे विचारल्यावर ती म्हणाली, "अरे, आता रात्रीचा घेत नाही. पिंपळ आहे ना!"

म्हणून आधी रात्रीच्या प्राणवायूबद्दल. यान इंगेनहाउस या डच वैद्याने १७७९ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये पाचशेहून अधिक प्रयोग केले. पाने पाण्यात बुडवून उन्हात ठेवली की त्यांच्यावर वायूचे बुडबुडे धरतात आणि अंधारात ते धरत नाहीत, हे त्याने पाहिले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकाच्या लांबलचक नावातच सांगितले आहे की वनस्पती उन्हात हवा शुद्ध करतात आणि सावलीत व रात्री ती बिघडवतात. प्राणवायू निर्माण होतो तो पाण्याच्या विघटनातून, आणि त्या विघटनाला प्रकाश लागतो. रात्री पिंपळही आपल्यासारखाच श्वसन करतो, म्हणजे प्राणवायू घेतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो.

या अफवेचे मूळ बहुधा एका अर्धसत्यात आहे आणि ते मान्य करायला हवे. निवडुंग, अननस यांसारख्या काही वनस्पती पाणी वाचवण्यासाठी पर्णरंध्रे रात्री उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि आम्लाच्या रूपात साठवून ठेवतात. परंतु त्यांचाही प्राणवायू बाहेर पडतो तो दिवसा, ऊन पडल्यावरच. म्हणजे पिंपळ असे काही करतो असे घटकाभर धरून चालले, तरी आत्याला रात्री त्याचा उपयोग शून्य. दुसऱ्या बाजूने, झाडाखाली रात्री झोपल्यास जीव गुदमरतो ही भीतीही तितकीच अवास्तव आहे, कारण बादलीतल्या रोपाचे श्वसन खोलीत झोपलेल्या एका माणसाच्या श्वसनापुढे नगण्य असते. रोपाने आत्याचे काही बिघडले नसते. बिघडत होते ते बंद केलेल्या पंपामुळे. शिवाय दम्यात श्वासनलिका आकसतात आणि सुजतात. खोलीतल्या हवेत २१ टक्के प्राणवायू असतोच. तो आत पोहोचण्याची वाट मोकळी करण्याचे काम औषधाचे आहे.

बारीक देठामुळे पिंपळाची पाने सतत हलतात आणि म्हणून जास्त प्राणवायू देतात, असेही संदेशात आहे. पाने हलतात हे खरे. पंख्याचे पातेही हलते.

टक्केवारीवर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. १०० टक्के म्हणजे कशाचे १०० टक्के, किती वेळात आणि केवढ्या झाडाने, यांपैकी काहीच सांगितलेले नसल्यामुळे ते आकडे तपासताही येत नाहीत. आणि वाहत्या रस्त्यावर छातीला त्रास देतात ते सूक्ष्म धूलिकण आणि नायट्रोजनची ऑक्साइडे. पानांवर थोडी धूळ बसते, हा फायदा खरा आहे, पण धूर गाड्यांमधून निघतो आणि तो तिथेच कमी करावा लागतो.

सर्वांत हास्यास्पद आहे ते ५०० मीटरचे अंतर. या हिशेबाने दहा किलोमीटरच्या रस्त्यावर एका बाजूला जेमतेम २१ झाडे येतील. एप्रिलच्या दुपारी पुण्यात बसमधून उतरलेल्या माणसाने एका सावलीतून निघावे आणि सहा-सात मिनिटे उन्हात चालून दुसरी गाठावी, ही कोणती रस्त्याची झाडी? रस्त्याकडेच्या झाडाचे पहिले काम सावली देणे हे आहे, आणि त्यासाठी एकाचा पसारा दुसऱ्याला भिडेल इतक्या जवळ झाडे लावावी लागतात. अशोकाने आपल्या सातव्या स्तंभलेखात रस्त्यांवर वड लावल्याचे नोंदवले आहे, आणि कारणही दिले आहे: ते पशूंना आणि माणसांना सावली देतील. त्याला एवढे कारण पुरले होते. शिवाय वड-पिंपळाला आपल्याकडे पार बांधत, म्हणजे गावाने त्या झाडाला जागा सोडलेली असे. दीड मीटरच्या पदपथावर, एका बाजूला गटाराचे चेंबर आणि दुसऱ्या बाजूला कुंपणाची भिंत अशा फटीत पिंपळ लावला, तर तो दोन्ही फोडणार आणि मग महापालिकेची माणसे करवत घेऊन येणार.

निलगिरीविषयीची तक्रार मात्र निराधार नाही. सामाजिक वनीकरणाच्या नावाखाली एकेकाळी निलगिरी आणि सुबाभूळ वारेमाप लावली गेली, आणि सावलीसाठी निलगिरी निरुपयोगी आहे. म्हणून देशी झाडे लावणे बंद झाले, हे खरे नव्हे. वड, पिंपळ आणि कडुनिंबाची रोपे आजही सरकारी रोपवाटिकांत मिळतात.

हे सारे आताच लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. हाच संदेश पुढे करून आत्याच्या सोसायटीतील काहींनी फाटकासमोरचा मोठा वर्षावृक्ष (रेन ट्री) "विदेशी" म्हणून तोडावा आणि तिथे पिंपळ लावावा, असा अर्ज तयार केला आहे. वर्षावृक्ष दक्षिण अमेरिकेकडचा आहे, पावसाळ्यात त्याच्या फांद्या मोडतात आणि मुंबईत पिठ्या ढेकूण या रस शोषणाऱ्या किडीने असे अनेक वृक्ष वाळले, हे सर्व मान्य. नवे झाड लावताना देशीच निवडावे, हेही मान्य. परंतु आज दुपारी रिक्षावाले, भाजीवाली आणि शाळेच्या बसची वाट पाहणारी मुले याच झाडाखाली उभी असतात, आणि तेवढी सावली द्यायला नव्या रोपाला वीस-पंचवीस वर्षे लागतील. महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्यानुसार शहरातले झाड, सोसायटीच्या आवारातले असले तरी, वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. ती परवानगी देताना झाडाचे मूळ गाव हा निकष नाही.

त्या वर्षावृक्षाच्या खोडाला चारही बाजूंनी पेव्हर ब्लॉक चिकटवलेले आहेत. पावसाचे पाणी मुळांपर्यंत जायला बोटभर फटही नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला सांगितले होते. सोसायटीने अर्ज बाजूला ठेवून आधी तेवढे ब्लॉक उचलावेत. एका सकाळचे काम आहे. बादलीतला पिंपळ आम्ही नदीकाठच्या मोकळ्या जागेत लावला आहे, आणि खिडकीच्या कट्ट्यावर त्याच्या जागी आत्याचा पंप आला आहे.