खुर्चीमागचा रविवार

रविवारी सकाळी सहकुटुंब मिसळ खायला जायची कल्पना ज्याच्या डोक्यात पहिल्यांदा आली तो माणूस नक्की सडाफटिंग असणार आणि हॉटेलच्या वरच्याच मजल्यावर राहत असणार. आम्ही राहतो कासारवडवलीला, मिसळ स्टेशनकडे, आणि मधे अख्खा घोडबंदर रोड. त्यात पुण्याहून मेव्हणी आणि साडू आलेले. शनिवारी रात्री जेवताना साडूंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ठाण्यात मिसळ मिळते का हो बरी?" त्या 'बरी'वर त्यांनी जो काही जोर दिला तो ऐकून कुठलाही ठाणेकर गप्प बसला नसता, मी तर बायकोने टेबलाखालून पाय मारला तरी बसलो नाही. म्हटलं उद्या सकाळी आठला निघायचं.

झणझणीत म्हणून प्रसिद्ध असलेल्या मामलेदार मिसळला न्यायचं मनात होतं पण आईला तेवढं तिखट चालत नाही, म्हणून तिच्या पसंतीचं एक जुनं हॉटेल ठरलं. नाव सांगत नाही, आहे ती गर्दी पुरे.

आठचे साडेनऊ झाले कारण साडूंना आंघोळीआधी दोन आणि आंघोळीनंतर एक असा चहा लागतो. लिफ्टमधे सातव्या मजल्यावरचे काका भेटले. अंगात बनियन, हातात दुधाची पिशवी, पायात बाथरूमच्या चपला (हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे). "सगळी वरात कुठे निघाली?" मी नुसतं हसलो, पण आईने हॉटेलचं नाव, रस्ता, तिथला पीयूष कसा असतो, सगळं तळमजला यायच्या आत सांगून टाकलं. काका म्हणाले, "अरे वा वा, जाऊन या."

गाडी पाच जणांची, आम्ही सहा. पुढे मी आणि साडू, मागे चौघं, त्यातला मुलगा तेरा वर्षांचा, म्हणजे मांडीवर घ्यायचा नाही आणि सीटवर मावायचा नाही. वाघबीळला पहिला ब्रेक दाबला तो पातलीपाड्यापर्यंत पाय उचललाच नाही. एका बाजूला गुजरातकडून येणारे ट्रेलर, दुसऱ्या बाजूला मेट्रो चारचे खांब. साडूंनी विचारलं काम कधी सुरू झालं, तर मी मागे बोट दाखवून म्हटलं की हा सिनियर केजीत होता तेव्हा रस्त्यात पत्रे लागले, आता ह्याला मिशी फुटतेय. त्यावर मिशीवाला पहिल्यांदाच मोबाइलमधून वर बघून म्हणाला, "बाबा, 1853 मधे पहिली ट्रेन बोरीबंदरहून ठाण्याला चौतीस किलोमीटर साधारण तासाभरात आली होती. आपण किती आलो?" आम्ही मानपाड्याला होतो. चार-पाच किलोमीटर झाले असतील, पाऊण तास झाला होता. साडू खिडकीबाहेर बघत बसले, पण त्यांचे खांदे हलत होते हे मला दिसलं.

पार्किंगचं म्हणाल तर त्यात चूक माझीच. बायको म्हणत होती सरळ गावदेवी मैदानाखाली गाडी लाव आणि पाच मिनिटं चाल. पण मला हॉटेलच्या समोर, सावलीत आणि फुकट जागा हवी होती. एक मिळालीसुद्धा! लावली, उतरलो, आरसे मिटले, आणि समोर सम-विषम तारखांची पाटी. मग सगळे रस्त्यात उभे राहून आज तारीख काय ह्यावर चर्चा. पाटीवर सम तारखेची बाजू होती आणि आज विषम. साडू म्हणाले, "पुण्यात पण असतं हो हे, आम्ही पाटी आधी वाचतो." शेवटी गाडी गावदेवीच्या खालीच लावली आणि दहा मिनिटं चालत आलो, म्हणजे बायकोच्या हिशोबापेक्षा पाच मिनिटं जास्तच, आणि ती पाच मिनिटं ती काहीही बोलली नाही. त्यापेक्षा बोलली असती तर बरं.

आता खरं संकट. ह्या हॉटेलात नंबर नसतो, नाव लिहून घेत नाहीत, जो खातोय त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभं राहायचं. तो उठला की ती खुर्ची आपली. म्हणजे आधी माणूस नीट निवडायला लागतो. मी एक जोडपं हेरलं, दोघांच्या प्लेटा अर्ध्या दिसत होत्या. जवळ गेल्यावर कळलं की त्यांनी खायला सुरुवातच केली नव्हती, मिसळच तेवढी होती, आणि ती मुलगी कांदा एका बाजूला, लिंबू दुसऱ्या बाजूला असं सरकवत रील काढत होती. रस्सा गार होऊन तर्रीवर साय धरायला लागली तरी तिचा अँगल जमेना. मग दुसऱ्या टेबलाकडे सरकलो. तिथे एक गृहस्थ चमच्याने एक एक मटकी उचलून खात होते. खोटं नाही सांगत, एक एक. मी मागे उभा आहे हे त्यांना कळलं होतं, कारण त्यांनी वळून न बघता वेटरला सांगितलं, "अजून दोन पाव आण, आणि मग चहा. घाई नाही."

तेवढ्यात कोपऱ्यातून हाक आली, "अहो, इकडे इकडे!"

सातव्या मजल्यावरचे काका. इस्त्रीचा शर्ट, शेजारी काकू, टेबलावर हेल्मेट, समोर अर्धी संपलेली मिसळ. म्हणाले, "तुम्ही नाव घेतलंत मग हिला राहवेना. स्कूटर काढली, वीस-पंचवीस मिनिटांत आलो. तुम्ही मधे कुठे थांबला होतात का?"

काकूंनी आईला हाताला धरून शेजारच्या खुर्चीत बसवलं. मला वाटलं चला, एक खुर्ची तर झाली. पण त्या दोघी एकाच भजनी मंडळात, आणि मंडळात पेटी कोणी वाजवायची ह्यावरून गेले दोन महिने काहीतरी धुमसतंय, ते सगळं तिथे निघालं. काकूंनी आईसाठी मिसळ मागवली. आली. आईने खाल्ली. मग दोघींनी पीयूष घेतलं, आणि आम्ही पाच जण त्याच टेबलामागे भिंतीला टेकून, बसच्या लाइनीत उभे राहतात तसे. आई मधेच मान वर करून म्हणाली, "गरम आहे तोवर खायला हवी रे."

पावणेबाराला तो मटकीवाला उठला आणि आम्हाला बसायला मिळालं. साडूंनी बसल्या बसल्या वेटरला सांगितलं, "आधी सँपल द्या." वेटर म्हणाला, "टेस्टला फुकट नाय मिळत साहेब, फुल प्लेट घ्यायला लागेल." मी समजावलं की पुण्यात रश्श्याला सँपल म्हणतात. वेटरने साडूंकडे दयेने बघितलं. मग साडूंनी पाव नको, ब्रेडचे स्लाइस आहेत का विचारलं, आणि माझ्या सगळ्या सकाळचं चीज झालं, कारण तो काहीही न बोलता पाव ठेवून निघून गेला.

मिसळ? चांगली होती. साडू तीन पाव आणि दोनदा जास्तीचा रस्सा घेऊन म्हणाले, "बरी आहे." मी उत्तर देणार होतो पण माझ्या खुर्चीच्या पाठीवर कोणाचा तरी हात येऊन पडला होता आणि मानेवर कोणाचा तरी श्वास. मी वेटरला हाक मारली. चहा सांगितला. कटिंग नाही, फुल.

बाहेर आलो तर आईचा पत्ता नाही. काका एकटेच स्कूटरला किक मारत होते, म्हणाले त्या दोघी मघाशीच रिक्षाने पुढे गेल्या, तुमचं चालू दे म्हणाल्या. बायकोने माझ्याकडे बघितलं. आई नसल्यामुळे निदान मागे तिघंच, म्हणजे मुलगा नीट बसला, एवढाच काय तो फायदा.

सव्वा वाजता आम्ही मानपाड्याला, सकाळच्याच खांबापाशी, फक्त उलट्या दिशेने उभे होतो. आईचा फोन आला.

"काकूंकडे आहे मी. तुमचा वरणभात लावलाय, दोन शिट्ट्या झाल्या. अजून एक होऊ देऊ का गॅस बंद करू?"